कुत्र्याले लकवा? नव्हे, घाटीचं कवाड!

दारव्ह्याजवळच्या खेड्यातून एका वाचकानं विचारलंय. त्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर भुंकताना घोगरा झाला, श्वास ओढताना घरघर करू लागला. नागपूरच्या पशुवैद्यकांनी ‘लॅरिंजियल पॅरालिसिस’, म्हणजे घशातलं स्वरयंत्र लुळं पडणं, सांगून ‘टाय-बॅक’ शस्त्रक्रिया सुचवली. गावात मात्र ‘कुत्र्याले लकवा मारला’ झालं. हे बरोबर, की ‘पक्षाघात’ म्हणावं?

दोन्ही नको. म्हैस बसली की लकवा, हात बधिरला की लकवा, हल्ली तर सरकारी योजनेलाही लकवा! शब्द अरबी, आणि मूळ अर्थ तोंड वाकडं होणं, म्हणजे आपल्या वैद्यांचं ‘अर्दित’. ज्याचं तोंड सरळ त्याला कसला लकवा?

‘पक्षाघात’चे कैवारी म्हणतात, पक्ष म्हणजे बाजू, आणि घशालाही बाजू असतात. असतात ना! घोड्यात बहुधा डावीच बाजू लुळी पडते, तिथे तुमचा पक्ष शोभेल. म्हाताऱ्या कुत्र्यात बहुतेकदा दोन्ही पडतात. मग पक्ष कोणता? ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणावं, तर इथे वारं आतच जात नाही.

मराठीत स्वरयंत्राच्या या जागेला सरळ शब्द आहे: घाटी. पोराची घाटी फुटली की आवाज बदलतो, तीच. तिचा डोंगराच्या घाटाशी काडीचा संबंध नाही, कुणी कितीही पटवो. ती संस्कृत ‘घण्टिका’, लहान घंटा. संस्कृतात पडजिभेलाही हेच नाव. आता ग्रीकांची गंमत पाहा. घाटीच्या पुढच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, त्यांनी ‘थायरॉइड’ म्हटलं, म्हणजे ढालीसारखी. त्या ढालीचं नाव ‘थिरा’वरून, आणि थिरा म्हणजे दार! आपलं ‘द्वार’ तिचंच सख्खं भावंड. पण ही कूर्चा कुठे उघडते-मिटते? खरी कवाडं मागे आहेत, दोन छोट्या कूर्चा. त्यांचं नाव ‘ॲरिटेनॉइड’, म्हणजे ओगराळ्यासारख्या. दाराचं नाव ढालीला आणि दाराला ओगराळं! शरीरशास्त्राच्या पुस्तकांत हे अजून तसंच चाललंय, कुणाला खटकत नाही.

श्वास घेताना ही कवाडं बाहेर ओढणारा स्नायू एकाच जातीचा, आणि त्याची नस मेंदूकडून थेट न येता छातीत उतरून उलटी वर येते. ती मेली की कवाडं लोंबकळतात. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, म्हणून मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की त्याचा जीव कासावीस होतो.

शस्त्रक्रियेत एका बाजूचं कवाड, बहुधा डावं, न विरघळणाऱ्या टाक्यानं मागच्या कड्यासारख्या कूर्चेला ओढून बांधतात. कोठ्याचं कवाड वाऱ्यानं लागू नये म्हणून दोरीनं खुंटीला बांधतो, तसंच. म्हणून माझा शब्द ‘कवाड-बांधणी’. ‘स्वरयंत्रपार्श्वीकरण’ वगैरे शब्दांचा कारखाना ज्याचा त्याला लखलाभ. दोन्ही बाजू सहसा बांधत नाहीत, कारण उघड्या दारातून पाणी-अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. एका बाजूलाही तो राहतोच, आयुष्यभर.

तुमचा प्रश्न लकव्याचा होता, नाही का? गावात ‘घाटीचं कवाड पडलं’ म्हणा, कळेल. श्वास सुधारेल, भुंकणं घोगरंच राहील. आणि गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीला लावा.