चालू व्हीएमला कार्ड जोडलं, पण नेट कुठंय?

प्रश्न : उबुंटू सर्व्हरवर केव्हीएम (एका सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय) आहे. चालू व्हीएमला 'व्हर्श' या व्हीएम सांभाळायच्या टूलच्या 'अटॅच-इंटरफेस' कमांडने दुसरं नेटवर्क कार्ड दिलं, सक्सेसफुली असा मेसेजही आला, आत बघतो तर कार्ड डाउन, आयपी नाही. तिसरं द्यायला गेलो तर पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची जागा) शिल्लक नाही म्हणतो. वर व्हीएम बंद करून चालू केली तर दुसरंही गायब! बग आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बग नाही हो, तीन वेगळ्या भानगडी एकदम तुमच्या वाट्याला आल्यात.

गायब होण्याचं सोपंय, नुसती कमांड दिली की ती चालू व्हीएमपुरतीच लागते, म्हणून लाइव्ह (आत्ता चालू व्हीएमसाठी) आणि कॉन्फिग (कायमच्या नोंदीसाठी) हे दोन्ही पर्याय एकाच कमांडमध्ये द्या, म्हणजे मॅक ॲड्रेसही (कार्डाचा ओळख क्रमांक) दोन्हीकडे तोच राहील.

स्लॉटचं म्हणाल तर तुमची व्हीएम क्यू३५ टाइपची (पीसीआयई असलेल्या मदरबोर्डची नक्कल) असणार. तिथं प्रत्येक नव्या कार्डाला एक रिकामा पीसीआयई रूट पोर्ट (कार्डाची व्हर्च्युअल खाच) लागतो, आणि लिबव्हर्ट (व्हर्शमागचं, व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) जास्तीचा साधारण एकच ठेवतं, तो दुसऱ्या कार्डानं खाल्ला. 'व्हर्श एडिट' करून पीसीआयई-रूट-पोर्ट मॉडेलचे चार-पाच कंट्रोलर वाढवून ठेवा. हे पोर्ट मात्र चालू मशीनला जोडता येत नाहीत, आणि आतून रीबूट मारून भागत नाही, व्हीएम पूर्ण बंद करूनच चालू करावी लागते.

आता आयपी. तो 'सक्सेसफुली'चा मेसेज होस्टचा, म्हणजे बाहेरच्या मूळ सर्व्हरचा असतो, आतल्या लिनक्सनं कार्डाचं काय केलं ते त्याला ठाऊक नसतं. आत डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा, १एएफ४:१०४१ अशी ओळ दिसली की व्हर्टआयओ कार्ड (व्हीएमसाठीचं व्हर्च्युअल कार्ड) पोचलं समजा. नाव ईएनपी७एस० असं काहीतरी पडलं असेल आणि तुमच्या नेटप्लॅन (उबुंटूचं नेटवर्क सेटिंग) फाइलीत फक्त जुनं कार्ड लिहिलेलं, मग नव्याला आयपी देणार कोण? तिथं नवी नोंद टाका, शक्यतो मॅक ॲड्रेसने मॅच करून, कारण स्लॉट बदलला की नावही बदलतं.

फक्त दोन्ही कार्डांना डीएचसीपी (आपोआप आयपी मिळण्याची सोय) देताना जपून, दोन डिफॉल्ट रूट (बाहेर जायचे मुख्य रस्ते) होतात. नव्याला डीएचसीपी४-ओव्हरराइड्समध्ये यूज-रूट्स फॉल्स करा, आणि 'नेटप्लॅन ॲप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' चालवा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं. मी एकदा घाईत थेट ॲप्लाय मारलं, एसएसएच (दुरून लॉगिन) जागच्या जागी गोठलं, मग होस्टवर जाऊन 'व्हर्श कन्सोल'ने आत शिरावं लागलं.