पळणाऱ्या पोरीच्या मागे मोटरसायकल नको

प्रश्न : सर, रामराम. माझी पोर नववीत आहे, 3000 मीटर पळते. तालुक्याला, जिल्ह्याला पहिली येते. विभागाला गेली की शेवटच्या दोन फेऱ्यांत तिचा दम जातो. रोज पहाटे मी तिला यावल रस्त्यावर पळवतो, मागे मोटरसायकलवर मी असतो. खाडा करू देत नाही, रोज घड्याळ लावून जोरातच पळवतो. मोबाइलवर इथिओपियाच्या मुली पळताना पाहिल्या. त्या काय खातात? तिकडचा अबेबे बिकिला अनवाणी जिंकला म्हणतात, तर बूट बंद करू का? उन्हाळ्यात पोरीला तोरणमाळला ठेवली तर दम वाढेल का?
– एक शेतकरी पालक, चोपडा तालुका

उत्तर : दादा, रामराम. तुमचं पत्र वाचताना मी त्या मोटरसायकलपाशीच अडलो. मागून गाडीचा आवाज येत राहिला की पोर आपल्या दमाने पळत नाही, गाडीच्या धाकाने पळते. रोज. मग विभागाच्या मैदानावर पाय कुठून उचलणार? पायांत आदल्या आठ दिवसांचा शीण साठलेला असतो. शिवाय तो केळीच्या ट्रकांचा रस्ता. आधी तिला तिथून काढा.

इथिओपियाच्या मुली काय खातात याच्याआधी त्या कशा पळतात ते बघा. त्यांची राजधानी अदिस अबाबा, तिच्या डोक्यावर एंटोटोचा डोंगर आहे, निलगिरीच्या झाडांनी भरलेला. तिथे सकाळी धावपटूंच्या रांगा दिसतात. एकामागे एक, पुढच्याचा पाय जिथे पडला तिथेच मागच्याचा. मळलेली वाट सोडून झाडांच्या मधून नागमोडी जातात. सुरुवात तर इतकी संथ, की झपाझपा चालणाराही त्यांना गाठेल. पुढे राहून वेग कुणी धरायचा हे ठरलेलं असतं, बाकीच्यांनी मध्ये घुसायचं नाही. झाडांमधून वळत गेलं की वेग आपोआप आवरतो, मऊ मातीमुळे पिंढऱ्यांना मार बसत नाही, घोटे बळकट होतात. जोराचा दिवस वेगळा. त्या दिवशी ट्रॅक नाहीतर शहराबाहेरच्या सेंदाफा गावाकडचा डांबरी रस्ता, आणि तिथे कुणी कुणाची गय करत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलातली संथ रांग. एवढे मोठे खेळाडू सावकाश पळायला लाजत नाहीत, हे मी शाळेतल्या माझ्या पोरांना सारखं सांगतो.

म्हणून तुमच्या पोरीला आठवड्यातून दोनच दिवस जोर द्या, त्या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. एक दिवस पूर्ण सुटी. उरलेले दिवस सोबतिणीशी बोलता येईल इतकंच पळायचं, घड्याळ घरी ठेवून. आणि सोबतीण हवीच. एकटं पळणं तिकडे फारसं चांगलं मानत नाहीत. गावातल्या, शेजारच्या पाड्यावरच्या दोन-तीन पोरी गोळा करा, त्यांच्या आईबापांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला. रोज रांगेत पुढे दुसरी पोर ठेवा. अमळनेरला बोरीच्या काठाने मी पोरांना असंच पळवतो. जी पोरं एकेकटी पळताना चौथ्या फेरीत हात सोडून देत, ती पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवून निभावून नेतात. तुमच्याकडे पाटाच्या कडेची वाट असेल तर उत्तम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या वावरातून पळवू नका, पाय मुरगळेल.

आता बिकिला. 1960 साली रोमला तो अनवाणी पळाला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकला, हे खरं. त्याला अनवाणी पळण्याचा सराव होता आणि तिथे घेतलेले बूट पायाला नीट बसत नव्हते. हाच बिकिला 1964 ला टोकियोत बूट घालून पळाला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच, आणि तीन मिनिटांनी लवकर पोचला. तेव्हा बूट राहू द्या.

उंचीचं म्हणाल तर इथिओपियातलं धावपटूंचं गाव बेकोजी जवळपास 2800 मीटरवर आहे. हवा विरळ असली की शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं, पण त्याला कित्येक आठवडे लागतात आणि उंचीही साधारण दोन हजारांच्या पुढे हवी. तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. मे महिन्यात आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांतून सुटका होईल, चढ-उतार मिळतील, म्हणून अवश्य न्या. रक्त वाढेल म्हणून नको. त्यापेक्षा उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासा. या वयाच्या मुलींत ते कमी असणं फार आढळतं, आणि शेवटच्या फेऱ्यांत दम जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या गोळ्या, आणि जेवणानंतर लगेच चहा बंद.

खाण्याचं सोपं आहे. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून त्याचं मोठं जाळीदार धिरडं करतात, तो इंजेरा. त्यावर डाळी, भाज्या, नाहीतर शिरो, म्हणजे कडधान्याच्या पिठाचं पिठल्यासारखं कालवण. तुमच्या घरची कळणाची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, केळी याला काही कमी नाही. फक्त पोटभर द्या, पोरांना वाढून झाल्यावर उरलेलं पोरीला, असं नको.

आणखी एक. तिला लांब पल्ल्याची घाई करू नका. इथिओपियाचीच तिगिस्त असेफा 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 800 मीटर पळाली होती. 2023 ला बर्लिनमध्ये तिने मॅरेथॉन 2 तास 11 मिनिटं 53 सेकंदांत संपवून महिलांचा जागतिक विक्रम केला.

प्रश्न : सर, इथिओपियात एवढी पोरं पळण्याकडे वळतात ती पैशासाठी की आवड म्हणून?
– एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : दोन्ही, ताई. तिथे लष्कराचे, पोलिसांचे, बँकेचे क्लब आहेत, ते धावपटूंना पगार देतात. आपल्याकडे पोरं भरतीच्या 1600 मीटरसाठी पहाटे उठतात, तशीच तीही पोटासाठी उठतात. पण बेकोजीच्या शाळेतले खेळाचे शिक्षक सेंतायेहू एशेतू यांच्या हाताखालून देरार्तू तुलू, फातुमा रोबा, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा असे सुवर्णपदकवाले एकामागून एक निघाले. देरार्तू 1992 ला बार्सिलोनात 10,000 मीटर जिंकली, ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी महिला. आपल्याच गल्लीतली पोर जिंकून आली, हे पाहत तिथली पुढची पोरं वाढली. मी स्वतः खेळाचा शिक्षक आहे, मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. तुमच्या तालुक्यात कुणी पळून नोकरीला लागली असेल, तर तिला शाळेत बोलवा आणि लहान पोरींबरोबर एक फेरी पळायला लावा.