पाथर्डी फाटा, लॅब्रॅडॉरचं पिल्लू, एक बोका आणि सिन्नरच्या दोन गाई: दवाखाना कसा निवडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतंच नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला राहायला आलात. घरात अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणि तीन वर्षांचा बोका आहे, सासरी सिन्नरजवळ दोन संकरित गाई आहेत, आणि या सगळ्यांसाठी एकच चांगला डॉक्टर हवा आहे.

एकच डॉक्टर शोधू नका. कुत्र्या-मांजराला आपण दवाखान्यात नेतो, गाईकडे डॉक्टरला यावं लागतं, त्यामुळे गाईचा डॉक्टर सिन्नरचाच हवा. घरच्या दोघांसाठीही दोन दवाखाने ठरवून ठेवा: एक जवळचा, लसी, जंताचं औषध, कान-कातडीच्या तक्रारींसाठी, आणि दुसरा, जिथे एक्स-रे, सोनोग्राफी, भूल आणि रात्रीची सोय खरोखर आहे. दोन्ही आत्ता ठरवा, जनावर धडधाकट असताना. रात्री अकरा वाजता पिल्लू रक्ताचे जुलाब करायला लागलं की माणूस फोनवर जो दवाखाना पहिला दिसेल तिकडे धावतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की डॉक्टर सकाळी येणार.

जवळचा म्हणजे किती जवळचा, हे नाशिकमध्ये किलोमीटरवर ठरत नाही. तुम्हाला इंदिरानगर, सिडको, अंबड, मुंबई नाका हे पट्टे सोयीचे. पंचवटीतला दवाखाना कितीही चांगला असला तरी संध्याकाळी द्वारका सर्कल ओलांडून जायचं आहे, हे धरून चला. गोदावरीपलीकडे मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावला राहणाऱ्यांनी तर आपल्याच काठावरचा एक दवाखाना हाताशी ठेवावा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की खालचे पूल बंद होतात, आणि २०२७च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना तर रस्ते वळवलेलेच असतील. आणखी एक साधी गोष्ट बघा: दवाखाना तळमजल्यावर आहे का? लॅब्रॅडॉर मोठा झाल्यावर ३० किलोच्या आसपास भरतो. उभं राहता न येणारं तेवढं धूड अरुंद जिन्यावरून वर न्यायला दोन माणसं आणि चादर लागते.

आता डॉक्टरांची पात्रता. भिंतीवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेल्या पदवीधरालाच स्वतंत्रपणे उपचार करता येतात. एम.व्ही.एस्सी. ही पुढची पदवी असेल तर विषय विचारा: शस्त्रक्रिया, मेडिसिन, की पशुप्रजनन. हाड मोडल्यावर कोणाकडे जायचं हे त्यावरून कळतं. नोंदणी क्रमांकाचा शिक्का लसीच्या दाखल्यावरही हवा; महापालिकेचा श्वानपरवाना काढताना रेबीजच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. पेट शॉपमध्ये किंवा ब्रीडरच्या माणसाकडून टोचून घेतलेली लस या कामाला उपयोगी नाही, आणि बहुतेक वेळा जनावरालाही नाही.

पहिल्या भेटीला पिल्लाला लसीसाठीच न्या आणि लस कशी देतात ते टेबलाजवळ उभं राहून बघा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसलाच टिकते, म्हणून ती तुमच्यासमोर फ्रिजमधून निघाली पाहिजे. त्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, आणि नाशिकची वीज दुपारभर गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला लाजू नका. पिल्लांच्या एकत्रित लसीत दोन कुप्या असतात. एकीच्या तळाशी पांढरट वडीसारखी कोरडी लस, दुसरीत द्रव. डॉक्टर द्रव सिरिंजमध्ये ओढून कोरड्या कुपीत सोडतात, हलकेच फिरवतात, वडी पूर्ण विरघळली की लगेच टोचतात. आधीपासून भरून ठेवलेली सिरिंज ट्रेमध्ये पडलेली असेल तर ती नको म्हणा. मग दोन्ही कुप्यांवरचे स्टिकर सोलून कार्डावर चिकटवले जातात. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. नुसती तारीख आणि गिरगटलेली सही म्हणजे नोंद नव्हे.

याच भेटीत तपासणी कशी होते तेही दिसतं. वजन केलं का? औषधाचा डोस किलोवर ठरतो आणि या वयाचं पिल्लू आठवड्याला वाढतं, त्यामुळे मागच्या वेळचं वजन चालत नाही. गुदद्वारात थर्मामीटर घालून ताप बघितला का? (कुत्र्याचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नाही.) ओठ वर करून हिरड्या पाहिल्या का, बोटाने दाबून गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो का ते बघितलं का, छातीला स्टेथोस्कोप लावला का, पोट चाचपलं का? हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. जिथे दारातूनच "काय होतंय?" विचारून सिरिंज भरली जाते तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

बसायची जागाही नीट बघा. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणाऱ्या रोगाचा, विषाणू जमिनीवर महिनोन्महिने जगतो आणि साध्या फिनाइलने किंवा हाताच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. त्याला ब्लीच लागतं: घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, आधी फरशी साफ करून मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. फरशी कशाने पुसता, आणि उलट्या-जुलाबाचं पिल्लू आलं तर कुठे बसवता, हे सरळ विचारा. वेगळी खोली नसली तरी "गाडीतच थांबा, आम्ही बाहेर येऊन बघतो" असं म्हणणारा दवाखाना जागरूक आहे. लसी पूर्ण होईपर्यंत तुमचं पिल्लू दवाखान्यात मांडीवरच ठेवा, खाली सोडू नका.

बोक्यासाठी आणखी दोन गोष्टी. त्याला नेताना पिंजऱ्यावर टॉवेल टाका आणि पिंजरा बाकावर ठेवा, जमिनीवर नको. शेजारी भुंकणारा कुत्रा असेल तर तपासणीपर्यंत बोका इतका घाबरलेला असतो की हृदयाचे ठोकेही खरे कळत नाहीत. आणि दवाखान्याला हे नक्की विचारा: बोक्याची लघवी अडली तर रात्री कॅथेटर घालून मोकळी करता का? बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, चाटतो आणि थेंबच पडतो किंवा तोही नाही. घरचे बद्धकोष्ठता समजून एक दिवस घालवतात, आणि तेवढ्यात रक्तात पोटॅशियम चढून हृदय बंद पडू शकतं. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि त्याला घरातली पॅरासिटामोल कधीही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

"२४ तास" ही पाटी फार ठिकाणी असते. तिचा अर्थ कधी डॉक्टर हजर असा असतो, कधी नुसता फोन उचलला जातो असा. एखाद्या रात्री दहानंतर फोन करून बघा. कोण उचलतं, डॉक्टर स्वतः येतात की मदतनीस सलाईन लावतो, भरती केलेल्या जनावराजवळ रात्री कोण असतं, हे विचारा. तुमच्या सिन्नरच्या फेऱ्या लक्षात घेता सर्पदंशाचंही विचारा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं माणसांचं प्रतिविषच कुत्र्यालाही देतात. ते साठ्यात असतं का, नसेल तर कुठून आणतात, याचं उत्तर तयार असलेला दवाखाना वेळेला उपयोगी पडतो.

रक्ततपासणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे पैसे जातात आणि निदानही चुकतं. नाशिकमध्ये गोचीडताप भरपूर आहे. ताप, खाणं बंद, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त अशी लक्षणं घेऊन कुत्रा गेला की सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काढतात आणि प्लेटलेट कमी निघतात. नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला आणि यंत्र माणसाच्या पेशींवर लावलेलं असलं तर आकडे भरवशाचे नसतात. मांजराच्या प्लेटलेट तर गुठळ्या करतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. म्हणून दोन प्रश्न विचारा: यंत्रात कुत्रा आणि मांजर निवडायची सोय आहे का, आणि काचपट्टीवर रक्त पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली कोणी बघतं का? गोचीडताप आणणारे बबेशिया आणि एर्लिचिया हे दोन वेगळे जंतू, आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. दोन्हींना "टिक फीवर" म्हणून एकच पाच दिवसांचा कोर्स देणं ही अर्धवट चिकित्सा झाली. एर्लिचियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावी लागते, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा खायला लागला म्हणून घरचेच ती बंद करतात.

कातडीच्या बाबतीतही तसंच. खाज सुटली की "एक इंजेक्शन" दिल्यावर दोन दिवसांत कुत्रा शांत होतो, महिन्याने पुन्हा सुरू. ते बहुधा स्टेरॉइड असतं. खाज डेमोडेक्स नावाच्या किड्यामुळे असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते. आधी ब्लेडने कातडी खरवडून तेलाच्या थेंबात बघणारा डॉक्टर निवडा. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव, प्रमाण आणि तारीख कागदावर लिहून मागा. "आमचं औषध आहे" असं म्हणून बिननावाच्या पुड्या देणाऱ्याकडे जाऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर त्यांना आधी काय दिलंय ते कळलंच पाहिजे.

बोक्याची नसबंदी झाली नसेल तर तेव्हा भुलेबद्दल विचारावं लागेल. आधी रक्त तपासतात का, शिरेत कॅन्युला (औषध द्यायची बारीक नळी) लावून ठेवतात का, श्वासनलिकेत नळी घालतात का, भूल गॅसची की फक्त इंजेक्शनची, ऑपरेशन चालू असताना नाडी आणि ऑक्सिजन कोण बघतं, शुद्धीवर येईपर्यंत उबेत ठेवतात का. इंजेक्शनच्या भुलेवरही तरुण बोक्याची नसबंदी नीट होते, त्यामुळे गॅस नाही म्हणून दवाखाना बाद करू नका. लक्ष ठेवणारा वेगळा माणूस नसेल तर मात्र बाद करा. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या, त्यात औषधं, टाके आणि दोन फेरतपासण्या धरल्यात का ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "हे माझ्याकडे होणार नाही, अमुक ठिकाणी न्या" असं वेळेत सांगणारा डॉक्टर. तो सोबत कागद आणि फोटो देतो, पुढच्या डॉक्टरांना फोनही करतो. गरज पडली तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण कसारा घाट उतरून जायला जनावर तेवढं स्थिर असावं लागतं. तिसऱ्या दिवशीही सलाईनच चालू आणि निदान नाही, अशी वेळ आली तर तुम्हीच फाइल मागून घ्या. ऑनलाइन ताऱ्यांवर विसंबू नका. वाईट शेरे मात्र वाचा, आणि एकच तक्रार, उदाहरणार्थ ऑपरेशननंतर फोन न उचलणं, पुन्हा पुन्हा दिसते का ते बघा.

गाईंसाठी तुमच्या सासरच्या गावाला जोडलेला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि १९६२ हा टोल-फ्री क्रमांक, या दोन्हींची नोंद गोठ्यात भिंतीवर लिहून ठेवा. गाईंच्या कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर आधी तो मारून घ्या. लाळ-खुरकुताच्या लसीची नोंद त्याच क्रमांकावर होते. खासगी डॉक्टर ठरवताना एवढं विचारा: अडलेली गाय सोडवायला रात्री येता का, आणि कॅल्शियम कसं देता? व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय मान वळवून बसली आणि कान गार पडले तर तो दुग्धज्वर असतो. शिरेतून कॅल्शियम द्यायचं ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत; घाईने बाटली सोडली तर गाय तिथेच जाते. दगडीवर, म्हणजे कासदाहावर, अँटिबायोटिक दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे जो स्वतःहून सांगतो तो डॉक्टर धरा. आणि सूज-दुखण्यावर कोणी डायक्लोफिनॅक टोचत असेल तर थांबवा. जनावरांसाठी ते २००६पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक २०२३पासून. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की ती मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आपल्या जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला अजून गिधाडं आहेत. मेलॉक्सिकॅमने तेच काम होतं.

पिल्लाचं कार्ड आजच काढून बघा. ब्रीडरने "पहिली लस झाली" असं सांगितलं असेल आणि कार्डावर स्टिकर नसेल, तर ती झालीच नाही असं समजून नव्याने सुरुवात करायला सांगा. आत्ता एक, मग तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, शेवटचा १६ आठवड्यांच्या वयाला किंवा नंतर. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. अडीच महिने म्हणजे या आठवड्यातच जायला हवं. सकाळी ताजी शी छोट्या डबीत घेऊन जा, जंतांची अंडी तिथेच बघता येतील.