साताऱ्याहून कोकणचा सागरी रस्ता बिनगिअरच्या सायकलवर एकट्यानं जमेल का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्याहून गुहागर-रत्नागिरीच्या किनाऱ्यानं एकट्यानं जायचंय, सायकल साधी आहे, किती दिवस धरावेत. रस्ता समुद्राकाठचा म्हणजे सपाटच असेल ना? आणि कुठं चढ लागलाच तर उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही ना?

या शेवटच्या वाक्यामुळं लिहायला बसलो. कमीपणा अजिबात नाही. आमच्या मेव्हण्याला मी हेच २०१८ पासून सांगतोय.

आधी सपाटीचं बघू. सपाट नाही. आपल्या कासच्या पठारावर जो जांभा दगड आहे तसाच तिकडं पार समुद्रापर्यंत आहे, त्याला ते सडा म्हणतात. नद्यांनी आणि खाड्यांनी हा सडा जागोजाग कापलाय. गाव, देऊळ, नारळी-पोफळी, पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, सगळं खाली, आणि दोन गावांमधला रस्ता बहुतेक वर सड्यावरून. म्हणजे गावात उतरायचं, चहा प्यायचा, की लगेच १००-१५० मीटरचा उभा चढ. वर सावलीला झाड नाही. कुंभार्ली घाट आपल्याला जाताना फक्त उतरायचा असतो, हे प्रकरण मात्र गुहागर सोडल्यापासून रत्नागिरीपर्यंत चालूच राहतं.

मी डिसेंबर २०१८ मध्ये गेलो. सायकल एमआयडीसीत कामावर जायची तीच, मागं कॅरिअरला दोन पिशव्या. पहिला मुक्काम कोयनानगर, उंब्रज-पाटण मार्गे. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. घाटात ब्रेक दाबून रिम तापते, दर तीन-चार वळणांनी थांबून तिला हात लावून बघा; मला एकदा बोट झटकन मागं घ्यावं लागलं होतं. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून खाली वाशिष्ठीला मिळतं, त्याच वाटेनं आपण उतरतोय हे डोक्यात आलं की फार बरं वाटतं. असो.

तिसऱ्या दिवशी गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असं ठीक चाललं होतं. हेदवीचा दशभुजा गणपती केला, बामणघळ बघितली, आणि पुढच्या चढाला उभं राहून पायंडल मारताना खट्ट झालं. पाय एकदम मोकळा. चेन मागं रस्त्यावर पडलेली. चेनलॉकची पत्ती उडाली होती. साध्या सायकलच्या चेनला एक लॉक असतं, त्यावर नखाएवढी पत्ती बसते, तीच. लॉकच्या पिना सापडल्या, वरची पट्टी सापडली. पत्ती त्या तांबड्या मातीत अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधली, नाही म्हणजे नाहीच मिळाली.

त्या अर्ध्या तासात सहा-सात मोटरसायकली गेल्या. प्रत्येक जण वेग कमी करून विचारायचा, “पंक्चर?” पहिल्या दोघांना चेनलॉकची गोष्ट समजावून सांगितली. नंतर सरळ ‘हो’ म्हणायला लागलो.

शेवटी आंब्याच्या बागेत मशीननं गवत मारणारे एक काका गडग्यावरून वाकून बघत होते, ते खाली आले. त्यांच्याकडं मोटरसायकलचं चेनलॉक होतं. ते बसत नाही, पिना जाड असतात. हे मला माहीत होतं, तरी दोघांनी मिळून दहा मिनिटं बसवून बघितलं. मग त्यांनी कुंपणाची बारीक तार आणली, पिनांच्या खाचेत आठच्या आकड्यासारखी गुंडाळली आणि पकडीनं पीळ दिला. म्हणाले, “सपाटीला चालवा, चढाला जोर देऊ नका.” कुठले विचारलं. सातारा म्हटल्यावर, “म्हणजे घाटावरचे!” एवढंच म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत.

तर त्या तारेच्या जोरावर मी हेदवीपासून रत्नागिरीपर्यंत गेलो. तवसाळला फेरीबोटीत बसून शास्त्री नदीची खाडी ओलांडली, जयगडला उतरून मालगुंडला मुक्काम केला, चौथ्या दिवशी गणपतीपुळे आणि आरे-वारे. उतार आणि सपाटी सायकलवर बसून, चढ सगळे ढकलत. आरे-वारेच्या वरच्या वळणावर दोन्ही बाजूंच्या पुळणी एकदम दिसतात ना, तिथं मी चांगला पाऊण तास थांबलो. बसून धापा टाकत वर आलो असतो तर तेवढा थांबलो नसतो.

घरी आल्यावर मेव्हण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोसमोर म्हणाला, “दाजी, म्हणजे तुम्ही सायकलवर नाही, सायकलबरोबर गेलता.” हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत ऐकतोय. वर आणखी दोन हरकती आहेत: फेरीबोट धरली म्हणजे प्रवास सलग नाही, आणि येताना कऱ्हाडपर्यंत मासळीच्या टेम्पोतून आलो. अरे, येण्याबद्दल मी कधी बोललोच नाही! आणि बोट नाही धरायची तर खाडी काय पोहून जायची?

हा माणूस दर रविवारी यवतेश्वराचा घाट चढतो, मान्य आहे. पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत, तेही मान्य. पण कोकणात गेला तो अकरा जणांबरोबर. पिशव्या टेम्पोत, केळी टेम्पोत, पंक्चर काढायला टेम्पोतला पोरगा. आणि मी एकट्यानं सगळं ओझं घेऊन गेलो, ते म्हणे चालत गेलो! एकट्यानं जायचं म्हणजे पायातली ताकद संपली की काय करायचं हे स्वतः ठरवायचं. उतरायचं आणि ढकलायचं. तुम्हाला कुणी हसलं तर त्याचं सामान कोण वाहत होतं ते विचारा.

दिवसांचं म्हणाल तर मला जायला चार लागले, माझ्या अंदाजानं २५० किलोमीटरच्या आसपास. तुम्ही पाच धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मार्चनंतर दमटपणानं जीव जातो आणि पावसाळ्यात अजिबात नको.

गिअरचं राहिलं. खरं सांगायचं तर गिअर असते तर निम्मे चढ मी बसून काढले असते, तेव्हा ऐपत असेल तर गिअरची घ्या. साध्या सायकलचा अभिमान वगैरे मला नाही. गुडघे दुखत असतील तर साधीवर जाऊच नका. साधीच असेल तर चेनलॉक दोन घ्या, चहाच्या पैशात येतात, आणि पत्तीचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडं ठेवा. माझी उलटी बसवलेली होती. मीच बसवली होती. मेव्हण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

खाऱ्या वाऱ्यानं चेन गंजते, रोज रात्री पुसून तेल द्या. मुक्काम कुठं आहे ते घरी कळवत जा. तवसाळच्या बोटीची शेवटची वेळ गुहागरातच विचारून निघा. मी विचारली नव्हती, चेनच्या भानगडीत उशीर झाला, जेट्टीवर पळतच पोचलो. सायकल हातात, घामानं निथळतोय, आणि बोटीत शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “पंक्चर?”