इंग्लंडमधील ग्लास्टनबरी ॲबी या जुन्या मठाचे अवशेष आणि जवळचे पाणथळ अभयारण्य डिसेंबरात एका दिवसात पाहून होईल का?

मुक्काम ब्रिस्टल किंवा बाथला असेल तर होईल. लंडनहून निघून त्याच रात्री परतायचे असेल, तर मात्र मी एक रात्र ग्लास्टनबरीतच राहण्याचा सल्ला देईन; गावाला रेल्वे स्थानक नाही, कॅसल केरी स्थानकापासून पुढचा बराच प्रवास रस्त्याने करावा लागतो आणि त्या दिवसांत सूर्य चारच्या सुमारास मावळतो.

सकाळ ॲबीला द्यावी. इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत मठांत गणला जाणारा हा बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंचा) मठ ११८४ मध्ये आगीत भस्मसात झाला. पुढे ११९१ मध्ये, म्हणजे पुनर्बांधणीसाठी पैशाची निकड असतानाच, दंतकथांतील प्रसिद्ध राजा आर्थरची कबर सापडल्याचे तिथल्या भिक्षूंनी जाहीर केले. हा योगायोग बहुतेक इतिहासकारांना पटत नाही आणि मलाही पटत नाही. राजा आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला, अखेरचे मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना शेजारच्या टॉर टेकडीवर फासावर चढवण्यात आले आणि मठाचे दगड इतर बांधकामांसाठी नेले गेले. भव्य चर्चच्या जागी आज हिरवळीतून वर आलेले भिंतींचे तुकडे उरले आहेत, पण चौदाव्या शतकातील मठाधिपतींचे स्वयंपाकघर छतासह शाबूत असून त्याच्या चार कोपऱ्यांतील प्रचंड चुली पाहण्यासारख्या आहेत. बागेचा परिसर ३६ एकरांचा आहे. सफरचंदांची झाडे तेव्हा निष्पर्ण असतील, मात्र होली थॉर्न हे वर्षातून दोनदा फुलणारे काटेरी झाड हिवाळ्यातही फुलते.

दुपारी दोनच्या आत हॅम वॉल हे पाणथळ अभयारण्य गाठावे. पूर्वी येथून पीट, म्हणजे दलदलीत साचलेली जळाऊ माती, खणून काढत. त्या खड्ड्यांत पाणी भरून आणि उंच बोरूची बने वाढवून हे अभयारण्य तयार झाले. लगतच्या शॅपविक हीथ या अभयारण्यात २०१२ साली मोठ्या बगळ्याने ब्रिटनमध्ये प्रथमच पिल्ले वाढवली. आपल्याकडे हिवाळ्यात भोरड्यांचे थवे संध्याकाळी आकाशात जशी वळणे घेतात, तशीच वळणे त्यांच्या नात्यातले स्टार्लिंग पक्षी येथे प्रचंड संख्येने घेतात. रातथाऱ्याची जागा ते बदलत असल्यामुळे त्या आठवड्यात थवे कोठे उतरत आहेत, याची चौकशी आधी करावी. पाहण्याची वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते आणि परतताना तिथे पूर्ण अंधार असतो. म्हणून विजेरी अवश्य न्यावी.