मुलगा एकाच ड्रमरची हुबेहूब कॉपी करतोय, काळजी करायची का?

टीनएजर मुलांचे आईबाबा मला हमखास विचारतात, "मॅडम, हा एकाच माणसाच्या नादी लागलाय, सगळं त्याच्यासारखंच करतो, याचं स्वतःचं असं काही राहणार की नाही?" कधी तो माणूस क्रिकेटर असतो, कधी गेमर. टोरंटोच्या आसपासच्या मराठी कुटुंबांसोबत काम करताना आलेली ही केस मात्र ड्रमरची आहे (घरच्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत).

मुलगा सोळा वर्षांचा, काही वर्षांपूर्वी पुण्याहून टोरंटोजवळच्या मिसिसागाला आलेला. त्याचं दैवत म्हणजे नील पिअर्ट, टोरंटोच्या रश या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा ड्रमर, जो २०२० मध्ये गेला. रशचा १९८१ चा मूव्हिंग पिक्चर्स नावाचा अल्बम आहे, त्या काळातला नीलचा अख्खा सेट हा पोरगा बेसमेंटमध्ये उभा करत होता. दोन बेस ड्रम, टॉम्सची (छोट्या-मोठ्या ड्रम्सची) रांग, काउबेल, टेंपल ब्लॉक्स (पोकळ लाकडी ठोकळे), जे मिळेल ते सेकंडहँड, आणि ट्युब्युलर बेल्स (टांगून वाजवायच्या धातूच्या नळ्या) परवडत नाहीत म्हणून त्याने धातूचे पाईप कापून टांगले होते! नील स्टिक उलटी धरून जाड बाजूने वाजवायचा म्हणून हाही तसाच वाजवणार. बाबांची तक्रार पैशांची आणि टाउनहाउसच्या कॉमन भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची, आईची भीती जास्त खोल होती, तिला वाटत होतं की आपलं पोरगं हरवतंय.

मी त्याला "कॉपी का करतोस" असं विचारलंच नाही. सेट समजावून सांग म्हटलं, तर तो सुटलाच. वायवायझेड (YYZ) नावाचा रशचा एक इन्स्ट्रुमेंटल ट्रॅक आहे, त्याच्या सुरुवातीचा ठेका म्हणजे टोरंटो विमानतळाचा हाच कोड मोर्स कोडमध्ये वाजवलेला, आणि हा मुलगा आणि घरचे इथे पहिल्यांदा उतरले तेव्हा बॅगांच्या टॅगवर तीच तीन अक्षरं होती. आई शेजारी बसून हे पहिल्यांदाच ऐकत होती. नवीन शाळेत त्याच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं, रशची गाणी यायला लागली तशी म्युझिकवाली मोठी मुलं बोलायला लागली. म्हणजे ज्याला घरचे हरवणं म्हणत होते त्यातूनच त्याला या गावात स्वतःची जागा मिळाली होती, आणि माझ्या मते ती तशीच हिसकावून घेतली असती तर त्या पोराचं मोठं नुकसान झालं असतं.

मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. नील सहा फुटांच्या वरचा माणूस, आणि हा अजून साडेपाच फुटांच्या आत, पण सिंबल्स (स्टँडवरच्या धातूच्या झांजा) लावले नीलच्या फोटोत आहेत त्याच उंचीवर. उजवा खांदा दुखत होता आणि त्याने ते लपवलं होतं, सांगितलं तर ड्रम बंद होतील म्हणून. एक फिल (ठेक्याच्या मधला छोटा तुकडा) चुकला की रेकॉर्डिंग डिलीट, परत पहिल्यापासून, रात्री एक वाजेपर्यंत.

मग मी नीलबद्दलच बोलत राहिले. लहानपणी तोही द हू या बँडचा ड्रमर कीथ मून याचा वेडा होता, पण प्रत्यक्ष बँडमध्ये त्याची गाणी वाजवायला मिळाली तेव्हा ती पद्धत आपल्या स्वभावाची नाही हे त्याला कळलं, म्हणजे ते वाजवून बघितल्यावरच कळलं. पुढे जगभर नाव झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, तो फ्रेडी ग्रुबर या ड्रमच्या गुरूकडे जाऊन नव्याने शिकला, स्टिक धरायची पद्धतसुद्धा बदलली. मी विचारलं, का रे गेला असेल? "त्याला स्वतःचं वाजवणं ताठर वाटायला लागलं होतं, मावशी." मग एवढं बदलून तो नील राहिला का? "राहिलाच की!" मग तुझे सिंबल्स चार बोटं खाली आले तर काय बिघडतं? याच्यावर त्याने बराच वाद घातला, फोटो काढून दाखवले, पण २०१५ मध्ये नीलने टूरिंग थांबवलं त्यामागे त्याच्या खांद्याचं दुखणंही होतं हे त्यालाच माहीत होतं, तिथे तो जरा नरमला.

आईबाबांना मी नीलच्याच घरातली गोष्ट सांगितली. तेराव्या वाढदिवसाला त्याला मिळाल्या फक्त स्टिक्स, प्रॅक्टिस पॅड (कमी आवाजात सराव करायची रबरी चकती) आणि क्लास, वर्षभर टिकलास तर ड्रम घेऊ असं आईवडिलांनी सांगितलं, तो टिकला आणि त्यांनी शब्द पाळला. बाबांना हे एकदम पटलं. आमचं ठरलं ते असं की सेटचा पुढचा पार्ट त्याने समर जॉबच्या पैशातून घ्यायचा, फिजिओ आणि ड्रमचा क्लास घरचे बघतील, रात्री साडेनऊनंतर फक्त पॅड, आणि आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग चुकांसकट ठेवायचं. शेवटची अट सगळ्यात जड गेली, पहिलं रेकॉर्डिंग त्याने मला ऐकवलंच नाही. खांदा आता बरा आहे. तो अजूनही नीलचं नोट टू नोट वाजवतो आणि मला त्यात काहीही वावगं दिसत नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर कॉपी किती करतो हे मोजत बसू नका, झोप होतेय का, काही दुखतंय का, चुकल्यावर स्वतःवर किती चिडतो आणि त्याच्या वेडाबद्दल तुमच्याशी बोलतो का, हे बघा. बोलणं पूर्ण बंद झालं असेल किंवा महिनोन् महिने झोप उडाली असेल तर नक्की कुणाला तरी भेटा. आणि घरात ड्रम असतील तर नवीन सिंबलच्या आधी चांगले इअरप्लग्स किंवा इअरमफ्स घ्या, मोठ्या आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही आणि हे दुकानात कुणी आपणहून सांगेलच असं नाही.