सही न करणाऱ्या आजी

नौपाडा, ठाणे

चि.स अनेक आशीर्वाद.

नीतिशास्त्रातला कोणता सिद्धांत बरोबर, असं परीक्षेपुरतं विचारलंस आणि पत्राच्या शेवटी जाता जाता सोसायटीच्या पुनर्विकासाची कटकट लिहिलीस. मला ती कटकटच जास्त कामाची वाटते.

बावीसपैकी एकवीस सभासदांना लिफ्ट आणि मोठी घरं हवीत. तळमजल्यावरच्या आजी सही करत नाहीत. कायद्याला 51 टक्के संमती पुरते. कमिटी म्हणते, बहुसंख्यांचं भलं. पण हा उपयुक्ततावाद (ज्याने एकूण सुख जास्तीत जास्त वाढतं ते योग्य, हा विचार) नव्हे, ही हात वर करून केलेली मोजणी झाली. हा वाद मांडणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅमने 1789 मध्ये हिशेब मांडला तो सुखदुःखाच्या तीव्रतेचा आणि ते किती काळ टिकतं याचाही. एका म्हातारीचं उखडलं जाणं एकवीस लिफ्टांना भारी पडू शकतं, निदान तराजूत घालून पाहावं तरी लागतं. (हे वजन करायचं कसं, हे बेंथॅमलाही नीट जमलं नाही.)

टिळकांची हरकत वेगळी. 1915 साली आलेल्या 'गीतारहस्या'त ते म्हणतात की बाहेरचा परिणाम मोजून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते. आणि तिथे ते जर्मन तत्त्वज्ञ कांटला जवळ करतात. कांट थेट वाचायला घेशील तर दमशील, आधी 'गीतारहस्य' वाच.

आता खरी गोष्ट. करारात परत यायला तीन वर्षं लिहिली असताना, 'वर्षभरात परत याल' असं तू आजींना सांगावंस, तुझं त्या ऐकतात, असा कमिटीचा आग्रह. कांटने 1785 मध्ये लिहिलं की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. या थापेने आजींची सही मिळेल, पण निर्णय त्यांचा उरणार नाही. इथे मी पूर्णपणे कांटच्या बाजूने. मित्राच्या जिवावर उठलेल्यालाही खोटं सांगू नये असं तो 1797 मध्ये म्हणतो, तिथे मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे.

ॲरिस्टॉटल तुला नियम देणार नाही. अशा थापा मारत राहिलास तर कसा माणूस होशील, एवढंच विचारेल. परीक्षेत त्याच्यासोबत ब्रिटिश तत्त्वज्ञ ॲन्सकोम्बचा, सद्गुणांच्या विचाराकडे परत वळवणारा 1958 चा लेख लिहायला विसरू नकोस.

करारनामा घेऊन आजींकडे जा. अक्षर बारीक असतं, तूच वाचून दाखव, तीन वर्षांचं कलमसुद्धा. तरीही त्या नाही म्हणाल्या तर कमिटीला काय सांगायचं ते शनिवारी बोलू. पाचनंतर मी मराठी ग्रंथसंग्रहालयात असतो.

तुझा,
सर